गडाची आठवण कुणाच्या हातची?

पन्हाळ्यावर आलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. तीन दरवाजा बघून झाला, अंबरखान्याच्या गारव्यात दोन घटका टेकून झाले, सज्जाकोठीवरून खालच्या हिरव्या खोऱ्यात डोकावून झाले, पिठले-भाकरी झाली, की पाय आपोआप दुकानांकडे वळतात. मुलांना काहीतरी हवेच असते. शेजारच्या काकूंनाही ‘गडावरून आणलंय’ म्हणून काहीतरी द्यायचे असते. मग प्लास्टिकची ढाल-तलवार, राजमुद्रेची कीचेन, सोनेरी मुलामा दिलेली एखादी मूर्ती अशी खरेदी होते. तलवार गाडीतच मोडते. कीचेनचा मुलामा पावसाळ्याआधी उडतो. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. शंभर-पन्नास रुपयांत याहून अधिक कुणी मागूही नये. खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. हीच तलवार प्रतापगडाच्या पायथ्याशी मिळते, हीच कीचेन महाबळेश्वरच्या बाजारात मिळते. मग तिच्यात पन्हाळा कुठे असतो? नाव छापलेले असते, तेवढाच.

हा प्रश्न आता थोडा मोठा झाला आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतील अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. कोल्हापूर जिल्ह्यातून त्यात पन्हाळा आहे. म्हणजे यापुढे गडावर येणारा पाहुणा केवळ सांगली-मिरजेचा किंवा पुण्या-मुंबईचा असणार नाही. तो दूरदेशीचाही असेल, आणि जाताना तोही काहीतरी घेऊन जाईल. ते ‘काहीतरी’ कुणी केलेले असावे?

माझे म्हणणे असे, की ते धातूचे असावे, लहान असावे, आणि पन्हाळ्यातल्या किंवा त्याच्या पायथ्याच्या एखाद्या घरात, घरच्याच छोट्या मिलिंग मशीनवर तयार झालेले असावे. ऐकायला हे जरा विचित्र वाटेल. मिलिंग मशीन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिरोलीची किंवा गोकुळ शिरगावची शेड येते. घराची पडवी येत नाही. आणि शोभेची वस्तू म्हटली की सोनाराची कोरणी आठवते, कारखान्यातले कटर आठवत नाही. पण कोल्हापूरच्या मातीत या दोन गोष्टी वाटतात तेवढ्या लांबच्या नाहीत.

यंत्र काय करते?

आधी हे यंत्र आहे तरी काय, ते पाहू. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असते. म्हणून त्यावर गोल वस्तू होतात. मिलिंगमध्ये उलटे. इथे दातेरी कटर फिरतो आणि व्हाइसमध्ये घट्ट पकडलेला धातूचा तुकडा त्याच्याखाली डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकतो. कटर वर-खालीही होतो. या तीन हालचालींतून सपाट, खाचदार, उठावाचे असे हवे ते रूप निघते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बंदुकांच्या कारखान्यांत ही यंत्रे घडली. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीला तंतोतंत बसावा, ही त्यामागची गरज. पुढे १९५२ मध्ये अमेरिकेच्याच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग मशीन दाखवले. आज सीएनसी म्हणतो ते त्याचेच वंशज. आता तर टेबलावर मावणारी, घरातल्या साध्या विजेवर चालणारी अशी यंत्रे मिळतात. चांगली मोटारसायकल घेण्याइतक्या खर्चात एखाद्या घरात कामचलाऊ यंत्र उभे राहू शकते.

समजा, त्यावर तीन दरवाजा करायचा आहे. चार सेंटिमीटर लांब, तीन रुंद आणि पाच मिलिमीटर जाड पितळेची पट्टी घेतली. तिचे वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास भरेल. पितळ हा या कामासाठी समजूतदार धातू. तो कोरडाच कापता येतो आणि त्याचा किस बारीक, सुटा पडतो. ॲल्युमिनियम त्यापेक्षा हट्टी. ते कटरला चिकटते, म्हणून मधूनमधून रॉकेलचा थेंब सोडावा लागतो. आधी मोठ्या कटरने पट्टीचे तोंड सपाट करायचे. मग मध्यम कटरने नको असलेला धातू काढून दरवाजाची कमान मोकळी करायची. शेवटी एक मिलिमीटरच्या कटरने बारकावे.

आणि इथेच गंमत आहे. कटर गोल असतो. त्यामुळे आतल्या कोपऱ्यात तो स्वतःची गोलाई सोडतोच. एक मिलिमीटरच्या कटरने अर्ध्या मिलिमीटरपेक्षा टोकदार कोपरा निघत नाही. तीन दरवाजाच्या चौकटीवरचे सगळे नक्षीकाम, तो पट्टीवरचा लहानसा गणेश, हे सारे चार सेंटिमीटरमध्ये येणारच नाही. मग काय ठेवायचे आणि काय सोडायचे? कमानीची उंची आणि रुंदी यांचे नाते ठेवायचे, की नक्षीची एकच वेल उचलायची? याचे उत्तर यंत्राजवळ नसते. ज्याने तो दरवाजा उन्हात, पावसात, धुक्यात पुन्हा पुन्हा पाहिलेला आहे, त्याच्याजवळ ते असते. यंत्रातून निघाल्यावरही काम संपत नाही. कडेला राहिलेली धारदार बर कानशीने काढायची, गणेशाची सोंड कोरणीने दोन रेषांत उठवायची, मग पॉलिश. यंत्राने केलेल्या वस्तूत हात नसतो असे जे आपण म्हणतो, ते बहुधा ती होताना न पाहिल्यामुळे.

ठशापासून कटरपर्यंत

कोल्हापुरी साज आपल्या घरांतल्या आजी-आयांच्या गळ्यात आपण पाहिला आहे. त्यातील एकवीस पाने म्हणजे एकवीस चिमुकल्या शोभेच्या वस्तूच. मासा, कासव, कमळ, शंख, चंद्र, बेलपान, वाघनख अशी ती सारी छोटी सृष्टी. सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठाव काढायचा आणि पोकळीत लाख भरायची, ही त्याची जुनी रीत. म्हणजे साज घडवणाऱ्या कारागिराच्या कौशल्याइतकेच महत्त्व ठसा कोरणाऱ्याच्या कौशल्याला आहे. ठशात सगळे उलटे कोरावे लागते. जे वर यायचे ते खोल, डावीकडचे ते उजवीकडे. हा ठसाही एक प्रकारचे यंत्रच. त्याने एकासारखे एक पान निघते, आणि तरी कुणी साजाला ‘यंत्रावरचा माल’ म्हणत नाही. कारण ठशामागचा डोळा आपल्याला मान्य आहे.

हातकणंगले तालुक्यातील हुपरीचे उदाहरण याहून बोलके. हुपरी आणि आसपासच्या गावांत चांदीचे काम हा घराघरांतला उद्योग आहे. कुठे तार ओढली जाते, कुठे कड्या जोडल्या जातात, कुठे पैंजणाला घुंगरू लागतात. ओसरीवर बसून, घरचे पाहता पाहता बायकांनी हे काम केले आहे आणि देशभरच्या पायांत हुपरीचे पैंजण वाजले आहेत. तिथेही यंत्रे आली. त्यांनी काही हातांचे काम नेले आणि काहींना नवे दिले. पण धातूचे नाजूक काम घरात होऊ शकते आणि त्यावर गाव उभे राहू शकते, हे हुपरीने केव्हाच सिद्ध केले आहे. ते पुन्हा सिद्ध करण्याची गरज नाही.

राहिली यंत्राची गोष्ट. कोल्हापूरला यंत्राची भीती कधीच नव्हती. बाबूराव पेंटर आपल्याला चित्रकार आणि चित्रपटकार म्हणून माहीत आहेत. त्यांचे मूळ आडनाव मिस्त्री होते, हे मात्र आपण विसरतो. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा बनवण्याचे मनावर घेतले. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने बाबूरावांनी तो १९१८ मध्ये पुरा केला आणि त्यावर ‘सैरंध्री’सारखा चित्रपट निघाला. परदेशी कॅमेरा परवडत नाही, तर आपण करू, हा त्यामागचा सरळ विचार. तेच हात पडदेही रंगवत होते, मूर्तीही घडवत होते. कला एका घरात आणि यंत्र दुसऱ्या घरात, अशी वाटणी त्यांनी केली नव्हती. ती नंतर झाली.

दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर

ती वाटणी कशी झाली, ते शिवाजी उद्यमनगरात फिरले तर समजते. उसाचे चरक, ऑइल इंजिने, पंप यांनी इथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप वाढले. मग मोटारींचे सुटे भाग आले. आज देशातल्या नामांकित गाड्यांच्या पोटात कोल्हापूरचे ओतकाम आहे. शतांश मिलिमीटरच्या हिशेबात काम करणारी माणसे या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत राहतात. पन्हाळा तालुक्यातल्या वाड्यांतूनही रोज सकाळी डबा घेऊन मोटारसायकली शिरोलीच्या दिशेने उतरतात.

पण ही माणसे जे करतात ते दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर. ड्रॉइंग पुण्याहून येते, चेन्नईहून येते, जर्मनीहूनही येते. त्यात एक रेघ इकडची तिकडे झाली तर जॉब नापास. तो शिस्तीचा भाग आहे आणि त्याबद्दल कुणी हळहळू नये. तरी तीस-तीस वर्षे यंत्रावर उभे राहिलेल्या माणसाच्या हातून हजारो सुटे भाग निघतात आणि त्यांतला एकही तो आपल्या नातवाला दाखवू शकत नाही. भाग गाडीच्या आत जातो. गाडी दुसऱ्याच्या नावाने धावते. हा हात निवृत्त झाला की त्यातले ज्ञानही निवृत्त होते. आयटीआयमध्ये टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर होऊन बाहेर पडणाऱ्या मुलालाही शिकवले जाते ते ड्रॉइंग वाचायला. काढायलाही थोडेफार शिकवतात. पण काय काढावेसे वाटते, हे त्याला कुणी विचारत नाही.

घरच्या छोट्या यंत्रावरची छोटी वस्तू या माणसाला प्रथमच विचारते, ‘तुला काय करायचंय?’ म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. ती कीचेन आहे की करंडा, हे दुय्यम.

आणि पन्हाळा तर अशा वस्तूंचा खजिनाच आहे. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्यांपैकी एका कोठीच्या आकाराचा हळदीकुंकवाचा करंडा का होऊ नये? १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड चार महिन्यांहून अधिक काळ तगून राहिला, त्याला अशा कोठारांचा आधार होता. ज्या घरात तो करंडा जाईल तिथे ही गोष्टही जाईल. अंधारबाव तीन मजली आहे, वरून तिचा पत्ता लागत नाही. एकात एक सरकणाऱ्या तीन पितळी मजल्यांचे मुलांसाठी कोडे करता येईल. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी पाडलेला चार दरवाजा आज पाहायला मिळत नाही. त्याचे उरलेले अवशेष पाहून अभ्यासकांच्या मदतीने कुणी त्याचे छोटे रूप घडवले, तर ती नुसती शोभेची वस्तू राहणार नाही.

आक्षेप आणि उत्तरे

यावर लोक काय म्हणतील, याचा अंदाज आहे. पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. असा एक नग यंत्रावर आणि हाताखाली मिळून दीड-दोन तास खाईल. पितळेची किंमत थोडी, वेळेची फार. साच्यातून शेकड्याने निघणाऱ्या मालाशी, मुरादाबादसारख्या पितळकामाच्या मोठ्या केंद्राशी, त्याची भावात बरोबरी होणार नाही. तशी ती करायला जाऊही नये. पण इथे साजाची रीत उपयोगी पडते. प्रत्येक नग कोरण्याऐवजी पोलादाचा एकच ठसा मिलिंगवर कोरायचा, त्याला पाणी द्यायचे, आणि मग पातळ पितळी पत्र्यावर दाबून त्यातून स्वस्त नग काढायचे. ज्याला ऐपत आणि हौस आहे तो कोरलेला नग घेईल. शाळेच्या सहलीतला मुलगा दाबलेला घेईल. दोन्हींच्या मागे एकच डोळा असेल.

दुसरा आक्षेप घरचा, विशेषतः घरातल्या गृहिणीचा. यंत्र घरात आणले तर आवाज होणार, धातूचा किस चटईवर, पायात आणि लहान मुलांच्या तोंडात जाणार. हा आक्षेप कारखानदारांनी कधी गांभीर्याने घेतला नाही, म्हणून मी घेतो. सहज कापल्या जाणाऱ्या पितळेत थोडे शिसे असते. त्यामुळे यंत्राची जागा स्वयंपाकघरापासून वेगळी, दार लावता येणारी हवी. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही. डोळ्यांवर चष्मा हवा. फिरत्या कटरजवळ लांब बाही, ओढणी, हातमोजे, बांगड्या नकोत. रात्री नऊनंतर यंत्र बंद. हे नियम पाळणार नाही त्याने घरी यंत्र ठेवू नये. मात्र हे नियम पाळले, तर हे यंत्र फक्त पुरुषांचे राहण्याचे कारण नाही. पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या हातांना तीन दरवाजा जड जाणार नाही.

तिसरा आक्षेप भावनेचा. गड हे पवित्र स्थान. त्याच्या कीचेन काय करता? भावना समजते. पण कीचेन तर आजही विकल्या जात आहेत, आणि त्या करणाऱ्याने कदाचित गड पाहिलेलाही नाही. अनादर वस्तूच्या लहानपणात नसतो, बेपर्वाईत असतो. देव्हाऱ्यातला टाक किती लहान असतो! एक पथ्य मात्र कडक हवे. शिवराईची किंवा जुन्या मुद्रेची नक्कल करायची, तिला आम्लात बुडवून जुनाट करायचे आणि ‘गडावर सापडली’ म्हणून विकायचे, हा धंदा होता कामा नये. प्रत्येक नगावर मागच्या बाजूला गावाचे नाव, साल आणि करणाऱ्याची खूण कोरलेली असावी. खरी वस्तू आपले वय लपवत नाही.

या खुणेचे मोल काय, ते कोल्हापुरी चपलेने नुकतेच दाखवले. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले होते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला नाव न घेता मांडल्या, तेव्हा इथून आवाज उठला आणि त्या कंपनीला या चपलांमागच्या भारतीय कारागिरीची कबुली द्यावी लागली. वस्तूला गाव चिकटलेले असले तर दाद मागता येते. बिननावाच्या सुट्या भागाला ती सोय नसते.

थोडीच गरज आहे

मोठी योजना आखा, महामंडळ काढा, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे महामंडळ आधी निघते आणि वस्तू मागून येतच नाही. गरज आहे ती चार साध्या गोष्टींची. गडावरच्या इमारतींची अचूक मापे आणि रेखाचित्रे, नुसती छायाचित्रे नव्हेत, कुणालाही मिळतील अशी ठेवावीत. आयटीआयच्या मुलांना वर्षातून एक काम स्वतःच्या कल्पनेचे करू द्यावे आणि त्यालाही गुण असावेत. पन्हाळा नगरपरिषदेने बाजारातला एखादा गाळा फक्त इथे घडलेल्या वस्तूंसाठी राखावा. आणि कारागीर कुणाला म्हणायचे, याचा विचार थोडा मोकळा करावा. केंद्र सरकारच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. लोहार आहे, सोनार आहे, मूर्तिकार आहे. हात आणि अवजारे यांनी काम करणाऱ्यांसाठी ती आहे. स्वतःच्या चित्रावरून पितळेत दरवाजा कोरणारा मशिनिस्ट यांतला कोण? हाताने काम करतो म्हणावे तर यंत्र आहे. कारखानदार म्हणावे तर पडवीत एकटा बसला आहे. अशा माणसासाठी कागदावर एक ओळ वाढवावी लागेल.

स्वित्झर्लंडमधल्या जुरा पर्वतातले शेतकरी अठराव्या शतकापासून हिवाळ्यात, बर्फाने वाटा बंद झाल्या की, खिडकीपाशी बसून घड्याळांचे बारीक भाग करत. तेही आधी सुटे भागच होते, दुसऱ्याच्या घड्याळात जाणारे. पण त्या खिडक्यांतून पुढे स्वतःच्या नावाची घड्याळे निघाली आणि त्या डोंगराचे नाव जगभर गेले. आपल्याकडे बर्फ नाही, पण पाऊस आहे. पन्हाळ्याच्या धुक्यात जून ते सप्टेंबर काय असते, ते तिथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. खिडक्या आपल्याकडेही आहेत, आणि हात तर त्याहून तयार आहेत.

त्या हातांनी आजवर सगळ्या देशाच्या गाड्या चालत्या ठेवल्या. आता मूठभर पितळेवर त्यांना स्वतःची एक रेघ ओढू द्यावी. ती सुरुवातीला वाकडी येईल, महाग पडेल, चार नग विकले जातील आणि दहा पडून राहतील. तरी चालेल. गड पाहायला येणाऱ्या आपणही तेवढे करावे: वस्तू हातात घेतली की ती उलटी करून पाहावी आणि दुकानदाराला विचारावे, ‘ही केली कुणी?’ हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर उत्तर द्यायला कुणीतरी पुढे येईलच.